लोणावळ्याच्या जिन्यातला मारुती

फाल्गुन संपत आला होता. आई दारात बसून तांदूळ निवडत होती, मी शाळेतल्या मुलींच्या वह्या तपासत होते, तेवढ्यात धोंडीकाका आले. धोंडीकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. मळवलीला त्यांची भातशेती आहे, शिवाय मुंबईच्या एका शेठच्या बंगल्याची राखण करतात. पुण्याला त्यांचं येणं क्वचित, आणि आले की आधी पाणी, मग तंबाखू, मग सावकाश बोलणं. त्या दिवशी मात्र ते उंबऱ्यातूनच म्हणाले, "वैनी, जिन्यातल्या मारुतीचं कवच सुटलंया."

आईचा हात सुपातच थांबला.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. मारुतीला दर शनिवारी तेल-शेंदूर लावतात. वर्षानुवर्षं थरावर थर चढतात, मूर्ती फुगत जाते, नाकडोळे बुजतात. मग एखाद्या वर्षी तो सगळा थर दगडापासून सुटतो. त्याला कवच सुटणं म्हणतात. ते कवच उतरवून नदीत सोडायचं, आतली मूर्ती धुऊन घ्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून शेंदूर चढवायचा, अशी रीत आहे. मूळ मूर्ती उघडी दिसते ती तेवढ्या मधल्या वेळापुरती. काकांनी सांगितलं की गुरवानं हनुमान जयंतीच्या आधीचा शनिवार धरला आहे.

आता खरी गोष्ट सांगते. लोणावळ्याच्या जिन्यात ज्याला लोक मारुती म्हणतात, ते माझे वडील आहेत.

लोणावळ्याचं स्टेशन बाजाराच्या डोक्यावर, उंचावर आहे. खालच्या पेठेतून वर फलाटावर जायला रुंद दगडी जिना आहे. वलवणचं धरण बांधून होत आलं तेव्हा तिथले काही पाथरवट मोकळे झाले आणि त्यांना या जिन्याचं काम मिळालं. देखरेखीवर एक गोरा साहेब होता, त्याला कार्ल्याच्या लेण्यांचं फार वेड. त्याच्या मनात आलं की लेण्याच्या दाराशी जशी दगडातली माणसं उभी आहेत तशी आपल्याही जिन्यात असावीत, फक्त ती आजची असावीत, याच स्टेशनातली. म्हणून जिन्याच्या भिंतीत खालपासून वरपर्यंत माणसं कोरली आहेत. डोक्यावर ट्रंक घेतलेला हमाल आहे, ताकाचं मडकं घेतलेली गवळण आहे, हातोडा घेतलेला लायनीवरचा गँगवाला आहे. आणि अगदी वर, जिना फलाटाला मिळतो तिथे, उजव्या हातात कंदील उंचावून उभा असलेला सांधेवाला आहे. गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर घालतो तो सांधेवाला. माझे वडील लोणावळ्याला सांधेवाले होते. किसन त्यांचं नाव. पाथरवटानं त्यांना समोर उभं करून कोरलं.

जिना पुरा झाला आणि पुढे थोड्याच दिवसांत मानमोडीच्या तापाची साथ आली. वडील त्यात गेले. मी तेव्हा रांगत होते. त्यांचा फोटो नाही, आणि सांधेवाल्याचा फोटो कोण कशाला काढील? मामांनी आम्हां दोघींना पुण्याला आणलं. त्यांच्या घरात मी वाढले, शिकले, आणि आता मुलींच्या शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवते.

आम्ही इकडे आलो आणि तिकडे त्यांचा देव झाला. उंचावलेल्या हातात काहीतरी गोल वस्तू. कमरेला खोचलेल्या निशाणाचं टोक मागे शेपटीसारखं लोंबलेलं. हाताखाली काहीतरी जाडसर दांडकं उभं. शनिवारच्या बाजाराला आलेल्या कुणाला तरी तो द्रोणागिरी घेतलेला मारुती वाटला, त्यानं तेल वाहिलं. दुसऱ्यानं नारळ फोडला. गाडीखाली येता येता वाचलेल्या एका हमालानं शेंदूर लावला, आणि त्यानंतर कुणी कुणाला विचारायची सोय उरली नाही. एक गुरवही पूजेला बसू लागला.

मी लहान असताना आई धोंडीकाकांच्या लग्नाला गेली होती. तेव्हा ती मुद्दाम लोणावळ्याला जाऊन तो जिना चढली. वर दर्शनाला रांग होती. तिच्या नवऱ्याचं तोंड तोवर शेंदरात गेलेलं होतं. ती जवळ जाऊ लागली तर रांगेतला एकजण म्हणाला, मावशी, बायांनी लांबून पाया पडायचं. ती लांबूनही न पडता तशीच उतरून आली. देवाला आपला नवरा म्हणावं तर लोक वेडी ठरवतील, आणि नवऱ्याला देव म्हणून हात जोडावेत तर तिला जमेना. तेव्हापासून आई कुठल्याच मारुतीसमोरून जात नाही. आमच्या पेठेच्या तोंडाशीच मारुतीचं देऊळ आहे. तिथे आलं की ती रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं जाते. शेजारणी म्हणतात, शांताच्या आईचं मारुतीशी वाकडं आहे.

धोंडीकाका जेवून निघाले तेव्हा आई "म्या न्हाई येत" एवढंच म्हणाली. मी म्हटलं, तू नाही आलीस तर मी एकटी जाईन. मला आयुष्यात एकदा माझ्या बापाचं तोंड बघायचं आहे. ती परत सूप घेऊन बसली. पण शुक्रवारी सकाळी उठून पाहते तो दशम्या बांधलेल्या, आणि आई नवं लुगडं नेसून बसलेली. शाळेत मोठ्या बाईंनी रजेचं कारण विचारलं होतं. वडिलांना भेटायचं आहे, असं मी सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, पण रजा दिली.

तुमच्यापैकी कुणाला जायचं असेल तर पुण्याहून सकाळची पॅसेंजर धरा. मेल झोकात जाते, पण मधल्या स्टेशनांवर थांबत नाही, आणि मावळ बघायचं तर थांबतच बघायला हवं. आता विजेची गाडी असल्यामुळे डोळ्यांत कोळसा जात नाही. डाव्या अंगाची खिडकी मिळवा, कामशेत सुटलं की पुढे लोहगड-विसापूर त्या बाजूला दिसतात. खाण्याचं घरूनच न्यावं. तळेगावला चहा मिळतो, तो गरम असतो, याहून जास्त त्याच्याबद्दल बोलण्यासारखं नाही.

तळेगाव सुटल्यावर आईनं खिडकीबाहेर बोट केलं. त्या बाजूला आत नवलाख उंबरे, तिचं माहेर. एरवी ती माहेराबद्दल खूप बोलते. त्या दिवशी ती वडिलांबद्दल बोलायला लागली, आणि हे मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होते. पाथरवट त्यांना पाळी संपल्यावर उभं करायचा. रात्रभर सांधे ओढून आलेला माणूस, त्यानं पुन्हा कंदील वर धरून उभं राहायचं. आई भाकरी घेऊन जायची तेव्हा ते तसेच उभे असायचे. मान हलवायची नाही म्हणून नुसते डोळे तिच्याकडे वळवायचे. हात भरून यायचा, थरथरायचा. पाथरवट वैतागायचा. मग हाताला टेकू दिला, असं ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. मी विचारलं, दिसायला कसे होते? 

"आता याद येत न्हाई," ती म्हणाली. "बोलनं येतं याद. तोंड येत न्हाई. डोळं मिटलं की त्यो शेंदूरच दिसतो."

इतके दिवस मला वाटत होतं की वडिलांचं तोंड फक्त मलाच ठाऊक नाही.

मळवलीला उतरलो. स्टेशन अगदी लहान आहे, पण उतरल्याबरोबर डोंगर अंगावर येतात. धोंडीकाका घ्यायला आले होते. घरी काकूनं इंद्रायणीकाठच्या तांदळाचा भात आणि काळ्या वाटाण्याची आमटी केली होती. मी दोनदा वाढून घेतला. आई पानावर बसली, पण जेवली नाही.

दुपारी काका म्हणाले, आलीच आहेस तर चल, कार्ल्याची लेणी दाखवतो, आई जरा आडवी होऊ दे. ज्यांना चालायची सवय आहे त्यांनी मळवलीहून चालतच जावं. रस्ता शेतांतून जातो. चढ पायऱ्यांचा आहे, दमवतो, पण वाटेत थांबायला सावली आहे. वर गेल्यावर मी लेण्याच्या दाराशीच उभी राहिले. दोन्ही बाजूंना दगडातली जोडपी. बायांच्या कानांतले दागिने, पुरुषांच्या डोक्यावरची पागोटी, ओठांच्या कडा, सगळं जिथल्या तिथे. मुलींना इतिहास शिकवताना शेकडो वर्षं हा शब्द मी सहज फेकते. तिथे तो शब्द मला धीर देऊन गेला. इतकी वर्षं दगडावर चेहरे राहतात, तर वीसेक वर्षांचं काय घेऊन बसलात? मी तसं काकांना म्हणालेही.

काका लेण्याच्या छताकडे बघून म्हणाले, "ह्यांचं बरं हाय. डोईवर अख्खा डोंगर हाय."

शनिवारी सकाळी हसनभाईंचा टांगा ठरवला होता. मळवली ते लोणावळा टांग्यानं तास-दीड तास लागतो. भाव आधी ठरवून घ्यावा, नाहीतर बाजारात उतरल्यावर हुज्जत होते. हसनभाईंशी आमची हुज्जत व्हायचा प्रश्न नव्हता. ते काकांचे जुने स्नेही, आणि तरुणपणी जिन्याच्या कामावर पखालीनं पाणी पुरवायला होते. वाटेत ते वलवणच्या बाजूला हात करून धरणाच्या वेळच्या गोष्टी सांगत होते. किती माणूस आलं होतं, किती भाषा ऐकू यायच्या. आई मागे बसली होती. मी त्यांना हळूच विचारलं, जिन्यात वर कोण आहे ते तुम्हाला ठाऊक होतं का?

"म्हाईत असायला काय झालं," ते म्हणाले. "तुज्या बापाला म्या माज्या पखालीतलं पानी पाजलंय. जुन्या मानसांस्नी समद्यांनाच म्हाईत हाय. पन लोकं पाया पडून लायनीवर जात्यात, आन् संध्याकाळी घरी येत्यात. कुनाच्या तोंडून निघायचं, की ह्यो देव न्हाई म्हनून?"

लोणावळ्याचा बाजार शनिवारी गच्च असतो. गूळ-शेंगदाण्याच्या गुडदाणीचा वास सगळीकडे दरवळतो, आणि हवा खायला आलेली मंडळी तीच आधी खातात. आम्ही त्या गर्दीतून जिन्याशी आलो. मी पहिल्या पायरीवरच्या हमालाकडे बघितलं आणि माझं अवसान गेलं. ट्रंक होती, हात होते, तोंड नव्हतं. नाकाच्या जागी नुसता उंचवटा राहिला होता. घाटातला पाऊस वर्षाकाठी चार महिने त्या भिंतीच्या मऊ दगडावरून वाहतो, जाणारे-येणारे खांदे घासतात, कुणी बोटाचा चुना पुसतो. गवळणीचं मडकं तेवढं ओळखू येत होतं. गँगवाल्याच्या हातातला हातोडा तुटलेला, आणि तोंड खडबडीत, मधेच खड्डे पडलेलं. काल कार्ल्याला मनात धरलेलं सगळं पायरीपायरीनं निसटत गेलं. वर काय असणार ते मला कळून चुकलं. मी आईला म्हटलं, आपण परत जाऊ. ती माझ्या पुढे चढत होती. तिनं मागे वळूनही बघितलं नाही.

वरच्या कोनाड्यापाशी शंभरेक माणसं जमली असतील. हमाल, गँगवाले, बाजारकरी, फलाटाच्या कठड्यावरून डोकावणारे उतारू. कोनाड्यात एक गोल, लालभडक आकृती. तिला फक्त चांदीचे डोळे चिकटवलेले. छातीवर आडवी मोठी भेग गेली होती. गुरव मध्यम वयाचा, अंगानं किरकोळ माणूस. त्याचे वडील इथले पहिले पुजारी, ते वारल्यावर हा गावाकडून येऊन बसू लागला. आतली मूर्ती त्यानं स्वतः कधी बघितलेली नव्हती. त्यानं नारळ फोडला, चांदीचे डोळे काढून तांब्यात ठेवले आणि भेगेत बोटं घातली.

कवच तुकड्यातुकड्यांनी निघालं. आधी पोटाचं, मग पायांचं, मग हातांचं. प्रत्येक तुकडा दोघं धरून टोपलीत ठेवत होते आणि लोक "बजरंगबली की जय" म्हणत होते. पाय दिसले. पायांत वहाणा होत्या. जयजयकार जरा कमी झाला. हात मोकळा झाला, हातात कंदील होता, त्याची काच, त्याची कडी, सगळं स्वच्छ. लोक पुढे सरून बघू लागले. शेवटी गुरवानं दोन्ही हातांनी तोंडावरचा तुकडा धरला. तो एकाच झटक्यात सुटला.

मी वडिलांना पाहिलं.

काल घडवल्यासारखा चेहरा होता. पागोट्याचा पीळ, भुवया, एका बाजूला किंचित जास्त वर वळलेली मिशी. गालांवर देवीचे वण होते, पाथरवटानं तेसुद्धा टोचून टोचून काढले होते. वडिलांना देवी आल्या होत्या हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मान समोर होती, पण डोळे खाली जिन्याकडे वळलेले होते, भाकरी घेऊन कोण येतंय ते बघत असल्यासारखे. हनुवटीवर खळी होती. माझा हात आपोआप माझ्या हनुवटीकडे गेला. पावसानं बाकीच्यांची तोंडं नेली आणि शेंदरानं त्यांचं राखलं होतं. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

आई चेहऱ्याकडे बघतच नव्हती. ती पुढे झाली आणि उचललेल्या हाताच्या कोपराखाली जे उभं दांडकं होतं, लोक ज्याला गदा म्हणत होते, त्यावर तिनं हात ठेवला.

"माजं मुसळ," ती म्हणाली.

गुरवाला काही कळेना. मग आईनं त्याला सांगितलं. ह्यांचा हात थरथरायचा, म्हणून घरून मुसळ आणून कोपराखाली टेकू दिला. पाथरवटानं त्यासकट कोरलं. खालची वसवी, म्हणजे लोखंडी कडं, तेसुद्धा सोडलं नाही. साहेबानं विचारलं तेव्हा पाथरवट म्हणाला, जे उभं आहे ते मी काढतो. हे सांगताना आई हसत होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग ती चेहऱ्याकडे वळली. किती वेळ बघत होती ते मी सांगू शकत नाही. मधे तिनं पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला.

हसनभाई मागून म्हणाले, "किसन सांधेवाला हाय. ह्या तेच्या मंडळी, आन् ही पोरगी."

गुरव हातातला तुकडा टोपलीत ठेवून पायरीवर बसला. त्याचं तोंड बघवत नव्हतं. बापानं आणि त्यानं मिळून इतकी वर्षं ज्याची पूजा केली तो वहाणा घातलेला रेल्वेचा नोकर निघाला होता, आणि हे त्याला बाजारासमोर कळलं होतं. मग तो म्हणाला, माणसाला शेंदूर लावणं बरं नव्हे. आता लावत नाही. मी लगेच त्याच्या बाजूनं बोलले, वर्गात बोलते तशी मोठ्यानं. मी म्हटलं, हे कुणाचे तरी वडील आहेत, यांना असंच उघडं राहू द्या, येणाऱ्याजाणाऱ्यांना कळू दे इथे कोण उभं आहे. गर्दीतल्या एका गँगवाल्याला ते पटलं नाही. अंधारात लायनीवर जाताना आपण ह्याच्याच पाया पडून जातो, कंदील घेऊन उभा आहे म्हणजे उलट बरंच, असं तो म्हणाला. मी त्याच्याशी वाद घालायला लागले.

आईनं माझा हात धरला आणि मला जिन्यानं खाली, हमालापाशी आणलं.

"त्यो हमाल बघ," ती म्हणाली. "म्हादू नाव व्हतं. लय हसरा मानूस. कुटं हाय तेचं तोंड?"

मी नाकाच्या जागच्या उंचवट्यावर बोट ठेवलं.

"धोंडीभावजी रात्री सांगत व्हतं, कार्ल्याच्या मानसांच्या डोईवर डोंगर हाय. ह्यांच्या डोईवर काय हाय? ह्यो शेंदूर हाय तेवडा. म्या इतकी वर्सं तेला शिव्या घातल्या."

मी म्हटलं, आई, मग मला ते पुन्हा दिसायचे नाहीत. मी आत्ताच पाहिलंय त्यांना. ती म्हणाली, व्हय, मलाबी न्हाई दिसायचे. एवढंच म्हणाली आणि वर गेली. मी रागावले होते, हे लपवत नाही. वीसेक वर्षं वाट बघून बाप मिळाला आणि आईच त्याला झाकायला निघाली होती. पण मी हमालाकडे पुन्हा बघितलं, आणि तिच्या मागोमाग जिना चढले.

वर जाऊन आईनं गुरवाला सांगितलं, शेंदूर लावा, माझी ना नाही. गुरव मान खाली घालून बसला होता. त्यानं परातीत शेंदूर आणि तेल कालवलं. बराच वेळ कालवत राहिला. मग त्यानं ती परात आईसमोर धरली. गर्दीत कुजबुज झाली. मारुतीला बाईचा हात लागत नाही, त्यातून आई विधवा.

गुरव लोकांकडे न बघता आईला म्हणाला, "पयला हात तुमी लावा, मावशी. शेंदूर चढंस्तवर त्यो तुमचा मानूस हाय. मंग आमचा."

आईनं दोन्ही तळवे परातीत बुडवले आणि वडिलांच्या गालांवर ठेवले. देवीच्या वणांवरून, मिशीवरून, डोळ्यांवरून तिनं हात फिरवले. घाई केली नाही.  मग तिनं मला बोलावलं. चेहऱ्याला हात लावायचं माझ्यानं झालं नाही. मी मुसळाला शेंदूर लावला, वसवीपासून कोपरापर्यंत. उरलेलं गुरवानं केलं. आम्ही उतरायला लागलो तेव्हा तो हनुवटीपाशी आला होता.

शेंदूर चढवून झाल्यावर गुरव आणि लोक कवचाच्या टोपल्या घेऊन इंद्रायणीवर गेले. आम्हीही गेलो. चैत्र लागलेला, नदीला पाणी बेताचंच होतं. तुकडे पाण्यात सोडले तसे ते बुडाले, वर थोडा तेलाचा तवंग राहिला. तोंडावरचा तुकडा सोडायच्या आधी काकांनी तो उलटा करून आम्हाला दाखवला. आतल्या बाजूला वडिलांचा चेहरा उमटलेला होता, खोलगट. मला तो मागून घ्यावासा वाटला. गुरवाकडे बघितल्यावर मागवेना. आईनं तो स्वतःच्या हातानं सोडला.

रविवारी दुपारच्या गाडीनं आम्ही परत निघालो. डाव्या-उजव्या खिडकीचा विचार कुणी केला नाही. आईनं दशमीचा डबा उघडला आणि सगळ्या दशम्या एकटीनं खाल्ल्या. तिच्या तळहातांच्या रेषांत शेंदूर होता. काकूनं रॉकेल लावून चोळा म्हणून सांगितलं होतं, तिनं ते ऐकलं नाही.

तुम्ही लोणावळ्याला गेलात तर भुशी बघा, खंडाळ्याला जाऊन दऱ्या बघा, आणि स्टेशनाच्या जिन्यानं एकदा पायी चढा. वर मारुती दिसेल. त्याच्या हातात काय आहे आणि गदा कशाची आहे ते तुम्हाला आता ठाऊक आहे. तिथे कुणाला सांगत बसू नका. पाया पडायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण खालच्या हमालालाही जरा बघून घ्या. म्हादू त्याचं नाव.

मी स्वतः काय घेऊन आले, तेही सांगते. चेहरा अजून तरी आठवतो. मिशी, वण, खळी. आईच्या आठवणीतून तो गेला तसा एक दिवस माझ्याही जाईल, याची भीती वाटते. चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, सांगशील तसं काढून देते. दोनदा बसलो. दोन्ही वेळा कुणी दुसराच गृहस्थ उतरला, म्हणून तो नाद सोडून दिला.

परवा शनिवारी सकाळी मी शाळेला निघाले, आईला मंडईत जायचं होतं. दोघी बरोबर निघालो. पेठेच्या तोंडाशी मारुतीचं देऊळ आलं आणि मी सवयीनं रस्ता ओलांडायला वळले. आई वळली नाही. ती सरळ देवळासमोर गेली. पुजारी तेल घालत होता, चार माणसं उभी होती. आईनं पदर डोक्यावरून पुढे ओढला. हात जोडले नाहीत. शेंदरानं गुळगुळीत झालेल्या त्या तोंडाकडे बघून, घरातून बाहेर पडताना घरच्या माणसाला सांगावं तसं, ती हळूच म्हणाली, "शांता शाळंला चाललीया. म्या येते भाजी घिऊन."